जंटलमनचे हात

क्रिकेटला आपण कौतुकाने 'जंटलमन्स गेम' म्हणतो. पंचांशी हुज्जत न घालणारा, चेंडू बॅटला लागून झेल गेला आहे हे स्वतःला कळताच पंचांच्या बोटाची वाट न पाहता तंबूकडे वळणारा खेळाडू म्हणजे जंटलमन, अशी आपली साधी समजूत. पण हा शब्द ज्या इंग्लंडमधून आपल्याकडे आला, तिथे क्रिकेटच्याच मैदानावर त्याचा अर्थ निराळा होता. १८०६ साली लंडनला 'जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स' असा सामना पहिल्यांदा झाला आणि पुढे त्याची परंपराच पडली, ती थेट १९६२ पर्यंत चालली. जंटलमेन म्हणजे हौसेखातर खेळणारे, आणि प्लेअर्स म्हणजे पैसे घेऊन खेळणारे. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि मैदानात उतरण्याचे दरवाजेही वेगळे. छापील धावफलकावर जंटलमनची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, प्लेअरची आडनावानंतर. कोण किती खिलाडूपणे खेळतो, याचा या विभागणीशी काही संबंध नव्हता. प्रश्न एवढाच होता, की हा माणूस आपल्या मेहनतीचे पैसे घेतो की नाही?

हा प्रश्न क्रिकेटपेक्षा पुष्कळ जुना. १४१३ साली पाचव्या हेन्रीच्या कारकिर्दीत असा कायदा झाला, की खटल्याच्या कागदपत्रांत प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा लिहिलाच पाहिजे. तेव्हापासून 'जंटलमन' हा दप्तरी नोंदीचा शब्द झाला. पुढे सोळाव्या-सतराव्या शतकांत राजाचे अधिकारी परगण्या-परगण्यांतून फिरत आणि कुठल्या घराण्याला कुलचिन्ह मिरवण्याचा हक्क आहे, हे तपासत. पण व्यवहार कुलचिन्हापाशी थांबत नाही. राणी एलिझाबेथच्या काळातला मुत्सद्दी सर थॉमस स्मिथ याचा इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ १५८३ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. त्यात त्याने मोठ्या मोकळेपणाने नोंदवले आहे, की ज्याला अंगमेहनत न करता बसून राहता येते आणि त्या इतमामाचा खर्च सोसवतो, त्याला लोक जंटलमन मानतातच.

म्हणजे जंटलमन ओळखायचा तो हातांवरून. घट्टे पडलेले हात असतील, तर तो जंटलमन नव्हे. आपल्याकडे या शब्दासाठी 'सद्गृहस्थ' वापरतात, 'सभ्य' वापरतात. 'सभ्य' म्हणजे मुळात सभेत बसण्यास योग्य असा माणूस. पण इंग्रजी शब्दातला हा हातांचा हिशेब दोन्ही शब्दांत उतरत नाही. म्हणूनच पुढे मी 'जंटलमन' हाच शब्द ठेवणार आहे.

या शब्दाला सर्वांत खोल प्रश्न विचारला तो एका कादंबरीने. १ डिसेंबर १८६० रोजी चार्ल्स डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' क्रमशः सुरू झाली. अंकाची किंमत दोन पेनी. तोवर तिथे चार्ल्स लीव्हर या लेखकाची कादंबरी चालू होती, ती वाचकांना रुचेना आणि खप उतरू लागला, म्हणून संपादक असलेल्या डिकन्सने स्वतःच लेखणी उचलली. ऑगस्ट १८६१ पर्यंत छत्तीस आठवडे ती चालली. डेव्हिड लीन यांचा १९४६ चा चित्रपट किंवा २०१६ सालचा हिंदी 'फितूर' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना ती प्रेमकथा म्हणून आठवत असेल. प्रेमकथा ती आहेच. पण त्या प्रेमाला जंटलमन होण्याच्या ध्यासापासून वेगळे काढता येत नाही.

कथा थोडक्यात सांगतो. केंट परगण्यातल्या दलदलीच्या काठावरचे एक खेडे. पिप हा पोरका मुलगा बहिणीकडे वाढतो आहे. बहीण कजाग, हात उगारणारी; तिचा नवरा ज्यो गार्जरी मात्र अंगाने दांडगा आणि मनाने मऊ असा लोहार. नाताळच्या आदल्या संध्याकाळी स्मशानात एक पळालेला कैदी पिपला गाठतो आणि खायला व बेड्या कापायला कानस आणून देण्यास दरडावतो. भेदरलेला पिप दोन्ही वस्तू घरातून चोरून नेऊन देतो. पुढे मिस हॅविशॅम नावाच्या एका विक्षिप्त, श्रीमंत बाईच्या वाड्यावर त्याला खेळायला बोलावतात. लग्नाच्या दिवशीच नवऱ्या मुलाने दगा दिलेली ही बाई. घरातली सगळी घड्याळे त्या क्षणाला थांबवून, अंगावर तोच लग्नाचा पोशाख ठेवून ती बसलेली. तिथे एस्टेला ही तिची मानलेली मुलगी आहे. सुंदर आणि गर्विष्ठ. पत्ते खेळताना ती पिपच्या राकट हातांची आणि जाडजूड बुटांची टवाळी करते.

त्या दिवसापर्यंत पिपने आपल्या हातांकडे कधी निरखून पाहिले नव्हते. आता त्याला त्यांची लाज वाटू लागते. आणि हातांची लाज वाटली की ते हात ज्या घरात घडले, त्या घराची लाज वाटायला वेळ लागत नाही. ज्योने आपल्याला पत्त्यांची नावे गावंढळ का शिकवली, असे त्याच्या मनात येते. पुढे तो बिड्डी या गावातल्या समंजस मुलीजवळ मन मोकळे करतो, की मला जंटलमन व्हायचे आहे आणि ते एस्टेलासाठी. बिड्डी शांतपणे विचारते, की ते तिला खिजवण्यासाठी की तिला जिंकण्यासाठी? पिपला उत्तर देता येत नाही. माझ्या मते सगळ्या कादंबरीची किल्ली या प्रश्नात आहे. आपण ज्याला प्रेम म्हणतो, त्यात प्रेम किती आणि 'आता बघ, मीही तुझ्या बरोबरीचा झालो' हे दाखवण्याची ईर्षा किती?

मग एके दिवशी जॅगर्स हा लंडनचा वकील येतो. कुणा अज्ञात दात्याने पिपला जंटलमन करण्यासाठी पैसा ठेवला आहे, असे सांगतो. पिपला वाटते, हा दाता म्हणजे मिस हॅविशॅमच, आणि हे सगळे एस्टेलाशी आपले लग्न लावण्यासाठीच. लोहारकामाची उमेदवारी सुटते. शिंप्याकडे नवा सूट शिवला जातो. उमेदवार गमावल्याबद्दल भरपाई देऊ केली, तर ज्यो ती घेत नाही. पैशाने या पोराची भरपाई कशी होईल, हेच त्याला समजत नाही. त्या वेळी ज्यो पिपच्या खांद्यावर हात ठेवतो. या हाताला डिकन्सने वाफेच्या घणाची उपमा दिली आहे. तो घण माणसाला चिरडू शकतो आणि अंड्याच्या कवचावर हळुवार टेकूही शकतो.

लंडनला पिपला हर्बर्ट पॉकेट हा मित्र लाभतो. सुरी तोंडात घालू नये, ही गोष्ट तो पिपला इतक्या सहज सांगतो की त्याला ओशाळे वाटू नये. जंटलमनपणाचा पहिला खरा धडा पिपला इथे मिळतो, पण तो लक्षात ठेवतो सुरीचा नियम. सांगणाऱ्याची रीत ध्यानात घेत नाही. म्हणून ज्यो त्याला भेटायला लंडनला येतो, तेव्हा पिप मनाशी कबूल करतो, की पैसे देऊन ही भेट टाळता आली असती तर आपण टाळली असती. ज्यो अंगाला न बसणाऱ्या कपड्यांत अवघडून बसतो. त्याची टोपी पुन्हा पुन्हा खाली पडते. ज्याला खेळवले, त्याच पोराला तो मध्येच 'साहेब' म्हणून हाक मारतो. निघताना मात्र तो ताठ उभा राहून सांगतो, की या कपड्यांत मी शोभत नाही. मला पाहायचे असेल तर भट्टीपाशी, हातात हातोडा असताना पाहा. त्या खोलीत जंटलमन कोण आहे, हे वाचकाला कळते. पिपलाही कळते, पण उशिरा.

आता थोडे डिकन्सकडे वळू. ७ फेब्रुवारी १८१२ चा त्याचा जन्म. आजोबा एका उमराव घरात बटलर होते, वडील आरमाराच्या पगार कचेरीत कारकून. म्हणजे घराणे जंटलमनपणाच्या उंबरठ्यावर नुकतेच पोहोचलेले. १८२४ साली सुमारे ४० पौंडांच्या देण्यापायी वडिलांना मार्शलसीच्या कर्जदारांच्या तुरुंगात जावे लागले. त्याआधीच बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांवर कागद बांधायला आणि लेबले चिकटवायला बसवले होते. मजुरी आठवड्याला सहा-सात शिलिंग. तिथली पोरे त्याला 'यंग जंटलमन' म्हणत. त्या हाकेने तो सुखावलाही असेल आणि पोळलाही असेल. पुढे इंग्लंडचा सर्वांत लोकप्रिय लेखक झाल्यावरही त्याने ही गोष्ट जाहीरपणे कधी सांगितली नाही. जॉन फोर्स्टर या मित्राजवळ लिहून ठेवली, आणि १८७० साली डिकन्स वारल्यावर फोर्स्टरच्या चरित्रग्रंथातून, १८७२ मध्ये ती जगाला कळली.

त्याच काळात जंटलमन कोण, यावर इंग्लंडमध्ये मोठी चर्चा चालली होती. रेल्वे आणि कारखान्यांनी नवा पैसा आणला होता. १८५२ मध्ये जॉन हेन्री न्यूमन या धर्मपंडिताने डब्लिन विद्यापीठासंबंधीच्या व्याख्यानांत जंटलमनचे लक्षण सांगितले, की तो कुणालाही दुखवत नाही. १८५५ पासून हिंदुस्थानातल्या मुलकी नोकऱ्या वशिल्याऐवजी लंडनच्या खुल्या परीक्षेने मिळू लागल्या. परीक्षा पास होणारा हुशार असेल, पण तो जंटलमन असेल का, अशी शंका तेव्हा इंग्लंडमध्ये उघडपणे घेतली जात होती. १८५९ मध्ये सॅम्युअल स्माइल्सचे 'सेल्फ-हेल्प' आले. त्याचे शेवटचे प्रकरणच खऱ्या जंटलमनवर आहे. संपत्ती आणि जन्म यांचा जंटलमनपणाशी संबंध नाही, शील हवे, असे त्याचे म्हणणे.

डिकन्सही याच मताचा होता, पण त्याला उपदेशावर भागवता येत नव्हते, कारण मोह त्याच्या स्वतःच्या घरात होता. थोरल्या मुलाला त्याने ईटनला धाडले, फी एका धनाढ्य स्नेही बाईंनी भरली. वॉल्टर हा मुलगा कंपनी सरकारच्या फौजेत कॅडेट होऊन १८५७ साली हिंदुस्थानात आला आणि १८६३ च्या अखेरीस कलकत्त्यात, अवघा बावीस वर्षांचा असताना, डोक्यावर कर्ज ठेवून वारला. लहानपणी ज्या घराकडे बोट दाखवून वडील म्हणत, की खूप कष्ट केलेस तर एक दिवस इथे राहशील, ते केंटमधले गॅड्स हिल हे घर डिकन्सने १८५६ मध्ये विकत घेतले. १८५८ मध्ये बायकोपासून तो विभक्त झाला. सप्टेंबर १८६० मध्ये त्याच घराच्या आवारात त्याने वीस वर्षांची पत्रे जाळली, आणि त्याच सुमारास पिपची कथा लिहायला घेतली. कथेतली दलदल त्या घरापासून फार दूर नाही.

कादंबरीत दोन अस्सल वाटणारे जंटलमन आहेत. बेंटली ड्रमल हा उमराव घराण्यातला. किताबाच्या वारसाहक्कात त्याचा नंबर जवळचा. तो एस्टेलाशी लग्न करतो आणि तिला मारहाण करतो. दुसरा कॉम्पेसन. शिकलेला, गोड बोलणारा. मिस हॅविशॅमला फसवणारा तोच. मॅग्विच या अनाथ, उपाशी वाढलेल्या माणसाला गुन्ह्यात ओढणाराही तोच. दोघांवर एकत्र खटला चालतो. कॉम्पेसनचे कुरळे केस, काळा कोट आणि पांढरा रुमाल पाहून न्यायालय त्याला सात वर्षे देते, आणि मॅग्विचला चौदा. जंटलमन या शब्दाची किंमत डिकन्स इथे वर्षांत मोजून दाखवतो.

हा मॅग्विच म्हणजेच स्मशानातला तो कैदी. त्याला जन्मभरासाठी ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सला धाडले जाते. तिथे मेंढपाळी करून तो पैसा करतो, आणि ज्या पोराने आपल्याला खाऊ घातले त्याला जंटलमन करण्यासाठी तो सगळा पाठवतो. पिपचा अज्ञात दाता हाच. एका वादळी रात्री तो जिना चढून येतो आणि दोन्ही हात पुढे करतो. पिप शहारून मागे सरतो. आपले मऊ झालेले हात या माणसाच्या घट्ट्यांवर पोसले गेले, हे त्याला सहन होत नाही. अशा हद्दपार माणसाने इंग्लंडला परतणे हा १८३४ पर्यंत फाशीचा गुन्हा होता. मॅग्विच आपल्या जंटलमनला डोळे भरून पाहायला म्हणून जीव पणाला लावून आलेला असतो.

मॅग्विचच्या प्रेमातही मालकी आहे, हे डिकन्स लपवत नाही. तिकडे घोड्यावरून जाणारे वसाहतवाले त्याच्या अंगावर धूळ उडवत, तेव्हा तो मनात म्हणे, मी जंटलमन नसेन, पण एका जंटलमनचा मालक आहे. मिस हॅविशॅमनेही एस्टेलाला असेच घडवलेले, पुरुषजातीवर सूड उगवण्यासाठी. एकाने जंटलमन बनवला, दुसरीने लेडी. आणि एस्टेला ही मॅग्विचचीच हरवलेली मुलगी निघते! जिच्यासाठी पिपला ज्योची लाज वाटली, ती कैद्याच्या पोटची. शेकडो वर्षे राजाच्या अधिकाऱ्यांनी ज्या कुळाच्या नोंदी तपासल्या, त्या नोंदींचे मोल या एका गाठीने शून्यावर येते.

एस्टेलाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती पिपला कधी फसवत नाही. माझ्यापाशी हृदय नाही, हे ती त्याला पुन्हा पुन्हा सांगते. इतरांना ती जाळ्यात ओढते, त्याला सावध करते. पिपच ऐकत नाही, कारण त्याच्या प्रेमात एस्टेलाच्या आधी त्याची स्वतःची लाज बसलेली आहे.

ती लाज सुटते कुठे? मॅग्विचला नावेतून परदेशी पोहोचवण्याचा बेत फसतो. तो जखमी होऊन पकडला जातो, आणि कायद्याप्रमाणे त्याची मालमत्ता सरकारजमा होणार हे ठरते. म्हणजे पिपला आता एक पैसाही मिळायचा नाही. त्या दिवशी न्यायालयात बत्तीस स्त्री-पुरुषांना एकदम मृत्युदंड सुनावला जातो. आरोपीच्या पिंजऱ्यातून मॅग्विच हात पुढे करतो, आणि खचाखच भरलेल्या कोर्टात सगळ्यांदेखत पिप तो धरून उभा राहतो. याच हाताला पाहून तो मागे सरला होता. आता त्याच्याकडून काही घ्यायचे उरलेले नाही, आणि आता तो सोडवत नाही. तुरुंगाच्या दवाखान्यात मॅग्विच शेवटचा श्वास घेत असताना पिप त्याला सांगतो, तुझी मुलगी जिवंत आहे आणि माझे तिच्यावर प्रेम आहे. एस्टेलावरचे प्रेम प्रथमच दुसऱ्याच्या सुखासाठी उच्चारले जाते.

पुढे पिप तापाने फणफणतो. जवाहिऱ्याचे १२३ पौंडांचे देणे थकलेले, त्यापायी अटक व्हायची वेळ. शुद्धीवर येतो तो उशाशी ज्यो. आजारी पिपच्या तोंडून तेव्हा जे उद्गार निघतात, त्यांत डिकन्सने 'जंटल' आणि 'मॅन' हे दोन शब्द मुद्दाम सुटे केले आहेत. दप्तरात जोडून लिहिला जाणारा शब्द फोडला की उरतो नुसता मृदू माणूस. पिप बरा होऊ लागतो, तसा ज्यो पुन्हा अवघडतो, पुन्हा 'साहेब' म्हणू लागतो आणि एका सकाळी न सांगता निघून जातो. मागे ठेवतो ती देणे फेडल्याची पावती. पिपला पडलेले अंतर अजून पुरते मिटलेले नाही, हेही त्यात आले. लाजेने केलेली जखम एका पश्चात्तापाने भरत नाही, हे डिकन्सला स्वानुभवाने ठाऊक असावे.

शेवटी पिप कैरोला एका पेढीत कारकुनी करतो, म्हणजे स्वतःच्या कमाईवर जगू लागतो. एस्टेलाचे काय, यावर डिकन्सने दोन शेवट लिहिले. पहिल्यात ती दुसऱ्यांदा लग्न झालेली, लंडनच्या रस्त्यात क्षणभर भेटते. एडवर्ड बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राने (पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झालेल्या लॉर्ड लिटन यांचे हे वडील) आग्रह केला, म्हणून डिकन्सने तो बदलला. छापलेल्या शेवटात ती विधवा आहे आणि पडक्या वाड्याच्या आवारात पिपला भेटते. मूळ शेवट फोर्स्टरने १८७४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि तेव्हापासून कुठला बरा, यावर वाद चालू आहे. दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले तर एक गोष्ट सारखी आढळते. जिने राकट म्हणून टवाळी केली होती, तिचा हात दोन्हींकडे त्याच पिपच्या हातात येतो. पहिल्यात ती आपण होऊन हात पुढे करते, दुसऱ्यात तो तिचा हात हाती घेतो. त्या हातांवर घट्टे आहेत की नाहीत, हे पाहायचे या वेळी कुणालाच सुचत नाही.